गावाच्या पाण्याची खतावणी आणि मोकळा नकाशा



गावात गट नवीन सुरू झाले तेव्हाचा एक दिवस तुमच्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. पारासमोर सडा टाकला, आणि रांगोळी, हळद, कुंकू, वाळलेला पाला, तुरीच्या शेंगांची टरफलं असं जे हाताशी होतं ते घेऊन आपण जमिनीवर गावाचा नकाशा काढला. पांढरी रेघ म्हणजे रस्ता, निळी म्हणजे नाला, हळदीचा ठिपका म्हणजे विहीर. घराघराला खूण. ज्या घरातली बाई एकटी कमावते, तिथे कुंकवाचं बोट.

मी तेव्हा सीआरपी म्हणून नवीच होते. एका गावात नकाशा पूर्ण झाला, फोटो निघाला, टाळ्या वाजल्या. तेवढ्यात मागून एक आजी आली, हातात विळा. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाप्पा, आमची वस्ती कुठी गेली यात? अन् आमची हापशी?" नाल्यापलीकडची तीसेक घरं राहून गेली होती. कारण साधं होतं. त्या दिवशी त्या वस्तीतली एकही बाई आली नव्हती, सगळ्या निंदायला गेल्या होत्या. जी आली नाही, तिची वस्ती नकाशावर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पार झाडून निघाला आणि रांगोळीही गेली. कार्डशीटवर उतरवलेली प्रत कपाटात ठेवली, ती पुढे उंदरांनी खाल्ली.

हे सगळं आज सांगायचं कारण असं, की आता गावाच्या पाण्याचे, रस्त्याचे, बंधाऱ्याचे आराखडे संगणकावरच्या नकाशावर होतात. तिथेही तोच प्रश्न आहे. कोण बसलं होतं, कोणाची वस्ती दिसली, कोणाची राहिली? फरक एवढाच की रांगोळी आपल्या हातात होती, आणि संगणकावरचा नकाशा म्हटलं की आपण म्हणतो, ते साहेबांचं काम. पण ते तसं राहिलेलं नाही. त्यातली बरीच साधनं आता कोणालाही वापरता येतात, पैसे न देता आणि कोणाची परवानगी न मागता.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट

बुलडाणा जिल्हा एका तोंडाचा नाही. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, तिथे काळा पाषाण, विहिरीला पाणी लागलं तर लागलं. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूरकडे खारपाण पट्टा. तिथे बोअरला पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन बिघडते. वर सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोदकडे आणखी वेगळं. एकच योजना सगळीकडे सारखी लावली तर कुठे तरी फसणारच.

२०१८ मध्ये राज्य सरकारचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. आपण त्याला 'पोकरा' म्हणतो. जागतिक बँकेच्या कर्जातून १५ जिल्ह्यांतली सुमारे ५ हजार गावं घेतली, त्यात बुलडाणा आहे. शेततळी, ठिबक, फळबाग हे त्यातलं दिसणारं काम तुम्हाला माहीत आहे. न दिसणारं काम म्हणजे प्रत्येक गावाचा पाण्याचा ताळेबंद. तो कसा करायचा याची रीत आयआयटी मुंबईतल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या विभागाने, म्हणजे 'सितारा' केंद्राने बसवली. त्यासाठी त्यांनी कोणतंही महागडं सॉफ्टवेअर घेतलं नाही. 'क्यूजीआयएस' नावाचं एक मोकळं सॉफ्टवेअर आहे, त्यालाच त्यांनी पाण्याचा हिशोब करणारी एक जोडणी तयार केली. मातीचा आणि जमीन वापराचा नकाशा नागपूरच्या महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग अ‍ॅप्लिकेशन सेंटरचा, पाऊस महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचा, चढउतार उपग्रहाच्या मोजणीतला. हे सगळं एकावर एक ठेवायचं आणि रोजच्या पावसाचं काय झालं ते काढायचं. किती वाहून गेलं, किती मातीत ओल म्हणून राहिलं, किती पिकाने घेतलं, किती खाली भूजलात उतरलं.

रोकड वही लिहिणाऱ्या बाईला हे समजायला वेळ लागत नाही. पाऊस म्हणजे जमा. वाहून गेलेलं, उडून गेलेलं, पिकाने प्यायलेलं म्हणजे खर्च. उरलं ते शिल्लक.

एक हिशोब आपण मांडून बघू. एका हेक्टरवर, म्हणजे अडीच एकरावर, १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. गावाचं शिवार ८०० हेक्टर धरा आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर. गावावर पडलेलं पाणी झालं ५६० कोटी लिटर. आता गावात २,००० माणसं आहेत असं धरा. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात. वर्षाचे होतात साधारण ४ कोटी लिटर. म्हणजे आभाळातून पडलेल्या १४० घागरींपैकी पिण्या-वापरण्याला फक्त एक घागर लागते. आणि त्या एका घागरीसाठी मे महिन्यात आपण उन्हातान्हात टँकरमागे पळतो!

पुढचा आकडा तर मला वहीत दोनदा तपासून पाहावा लागला. गव्हाला हंगामात साधारण ४०० मिलिमीटर पाणी धरलं, तर एका हेक्टराला ४० लाख लिटर लागतं. १० हेक्टरला ४ कोटी. म्हणजे पंचवीस एकर गव्हाला जेवढं पाणी जातं, तेवढंच दोन हजार माणसांच्या गावाला वर्षभर पुरतं. गहू करू नये असं मी म्हणत नाही, आपल्याही घरी पोळ्या लागतात. पण ग्रामसभेत पाण्यावर बोलणं निघालं की हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. पाणी नाही, पाणी नाही, असं नुसतं म्हणण्यापेक्षा बोलणं वेगळ्या वळणाला जातं.

आता नकाशा कशाला, नुसता हिशोब पुरे नाही का? नाही पुरे. आपल्याकडचा पाषाण असा आहे की एकाच शिवारात नाल्याकाठच्या विहिरीला मेपर्यंत पाणी राहतं आणि वरच्या बरड रानातली विहीर जानेवारीत तळ दाखवते. गावाची सरासरी काढली तर गाव बरं दिसतं, पण वरच्या वावरवाल्याचं हरभऱ्याचं पाणी तुटलेलंच असतं. आणि वरची हलकी जमीन कोणाच्या वाट्याला येते, ते तुम्ही जाणता. म्हणून आयआयटीच्या रीतीत गावाचे पट्टे पाडतात, प्रत्येक पट्ट्याचा ताळेबंद वेगळा. शिल्लक किती हे वही सांगते, कोणाच्या वावरात आहे ते नकाशा सांगतो.

तुमचं गाव या प्रकल्पात होतं का, हे कृषी सहायकाला विचारा. असेल तर गावाचा पाण्याचा ताळेबंद आणि नकाशा झालेला असणार, तो बघायला मागा. ग्राम कृषी संजीवनी समितीत महिला सदस्य असतात. त्या कोण आहेत तेही विचारा. कित्येकदा त्या आपल्याच गटातल्या असतात आणि सहीपुरत्या बोलावलेल्या असतात. नकाशा हातात आला की पहिल्यांदा आपली वस्ती, आपला पाणवठा आणि वरच्या अंगाची वावरं शोधा. मी एका गावाचा आराखडा पाहिला, त्यात सगळे बांध नाल्याच्या एकाच अंगाला होते. दुसऱ्या अंगाला काही नाही. विचारल्यावर कळलं की शिवारफेरीच्या दिवशी गाडी त्या बाजूला गेलीच नव्हती, चिखल होता म्हणे.

मोकळं म्हणजे नुसतं फुकट नव्हे

या सॉफ्टवेअरला इंग्रजीत 'ओपन सोर्स' म्हणतात. बऱ्याच जणी म्हणतात, म्हणजे फुकटचं. फुकट तर आहेच, पण मुख्य गोष्ट ती नाही. बाजारातून मसाल्याचं पाकीट आणलं तर भाजी होते, पण त्यात काय काय आणि किती, ते कंपनीला ठाऊक. उद्या कंपनीने भाव वाढवला किंवा माल बंद केला तर आपण अडलो. आपल्या गटातल्या मसालेवाल्या ताई मात्र मसाल्यासोबत धणे किती, मिरची किती हेही सांगतात. तुम्हाला तिखट कमी हवं तर कमी करा, त्यात खोबरं घाला, आणि तुम्हीही विका. मोकळं सॉफ्टवेअर या दुसऱ्या जातीचं. क्यूजीआयएस २००२ साली अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी सुरू केलं. आज जगभरची माणसं मिळून ते वाढवतात. आयआयटीला त्यात पाण्याचा हिशोब जोडता आला तो याच कारणाने. पाकीटबंद असतं तर आधी कंपनीचं दार वाजवावं लागलं असतं.

नकाशाचंही असंच आहे. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी 'ओपनस्ट्रीटमॅप' सुरू केलं. लोकांनी काढायचा आणि लोकांनी वापरायचा नकाशा. २०१० मध्ये हैती देशात मोठा भूकंप झाला तेव्हा राजधानीचा नीट रस्त्यांचा नकाशा मदत करणाऱ्यांकडे नव्हता. दूरदूरच्या माणसांनी घरी बसून उपग्रहाची चित्रं पाहून थोड्याच दिवसांत रस्ते, पडलेल्या इमारती आणि छावण्या काढून दिल्या, आणि बचाव पथकांनी तोच नकाशा वापरला. आपल्यावर तशी वेळ न येवो. पण रात्री बाळंतपणाला १०८ बोलावली आणि ड्रायव्हरच्या मोबाईलवर आपली वस्तीच नसली की काय होतं, ते वस्तीवरच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

सगळ्यांचे रकाने सारखे

तुमच्या गटाची वही आणि शेजारच्या गावातल्या गटाची वही, दोन्हींचे रकाने सारखे का असतात? बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, परतफेड, याच क्रमाने? कारण तसे नसले तर ग्रामसंघात बेरीजच लागणार नाही, आणि बँकवाल्यांना दहा गटांच्या दहा वह्या दहा तऱ्हेने वाचाव्या लागतील. नकाशाच्या जगात या सारख्या रकान्यांना मानकं म्हणतात. १९९४ मध्ये स्थापन झालेली 'ओपन जिओस्पेशियल कन्सोर्शियम' ही संस्था ती ठरवते. म्हणून नागपूरला केलेला मातीचा नकाशा मुंबईच्या संगणकावर उघडतो आणि तुमच्या विहिरींची यादी त्याच्यावर नेमकी बसते.

मानक पाळलं नाही तर काय होतं, ते एका उदाहरणात सांगते. पृथ्वीवरच्या कोणत्याही जागेला दोन आकडे असतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. आपल्या लोणार सरोवराचे साधारण १९.९८ आणि ७६.५१. हेच उलटे लिहिले, आधी ७६.५१ आणि मग १९.९८, तर सरोवर थेट नॉर्वेच्याही उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन पडतं. हसू नका. आमच्या केंद्रात पहिल्या खेपेला अकरा विहिरी तिकडे गेल्या होत्या! तेव्हापासून वहीवरच छापून घेतलं, आधी १९, २० किंवा २१ ने सुरू होणारा आकडा, मग ७५ किंवा ७६ चा. बुलडाणा जिल्ह्यात एवढं लक्षात ठेवलं तरी चुका थांबतात. दशांश टिंबापुढे पाच आकडे लिहायचे. चारच लिहिले तर जागा दहाएक मीटर इकडे तिकडे होऊ शकते, म्हणजे शेजाऱ्याची विहीर आपली व्हायची.

आपण काय करू शकतो

सगळ्या जणींनी संगणक शिकावा असं माझं म्हणणं नाही. काम वाटून घ्यायचं. विहिरी, हापशा, नाले माहीत असलेल्या दोन बायका, मोबाईल चालवणारी एक, आणि ग्रामसंघातली लेखापाल. फेरीच्या आधी नाल्यापलीकडच्या, टोकाच्या वस्तीतल्या बाईला विचारूनच दिवस ठरवा. तिच्या मजुरीचा दिवस असेल तर फेरी संध्याकाळी ठेवा.

प्रत्येक पाणवठ्याला एक नंबर द्या आणि तो पुढे कधी बदलू नका. विहीर बुजली तरी तिचा नंबर दुसरीला द्यायचा नाही, जसा सदस्य गट सोडून गेली तरी तिचा खाते नंबर आपण दुसरीला देत नाही. मोबाईलवर 'ओएसएमअँड' किंवा 'ऑरगॅनिक मॅप्स' हे अ‍ॅप घ्या. दोन्ही मोकळी आहेत, आणि एकदा नकाशा उतरवून घेतला की रेंज नसली तरी चालतात. विहिरीजवळ उघड्यावर उभं राहा, मोबाईलला जागा पकडायला दोन मिनिटं द्या, आणि आकडे वहीत उतरवा. वही पुरे. नंतर केंद्राच्या संगणकावर यादी चढवली की क्यूजीआयएसमध्ये ठिपके दिसतात.

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचाच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे असतात. क्यूजीआयएसचे धडे त्यात आहेत, आणि या प्रकल्पातले पुष्कळ विषय मराठीतही ऐकायला मिळतात. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला शेजारी बसवा. तिला सॉफ्टवेअर पटकन कळेल, पण कोणत्या नाल्याला कधीपर्यंत पाणी असतं ते तिला तुम्हीच सांगणार.

परवानगीचा प्रश्न बऱ्याच जणी विचारतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले. संवेदनशील म्हणून ठरवलेल्या गोष्टी सोडल्या तर भारतीय माणसाला नकाशा करायला आधी परवानगी काढावी लागत नाही.

पण दोन ठिकाणी सावध राहा. एक, हा नकाशा मोजणीचा नाही. मोबाईल पाच-दहा मीटर चुकतो, त्यामुळे बांधाच्या भांडणात तो काढून दाखवू नका. ते काम भूमी अभिलेखच्या मोजणीचं. दुसरं, सगळ्या जगाला दिसणाऱ्या नकाशावर काय टाकायचं ते गटात ठरवा. शाळा, अंगणवाडी, सार्वजनिक हापशी, वस्तीचं नाव, पांदण रस्ता हे जरूर टाका, मराठीत टाका. कोणाच्या घरात बाई एकटी राहते, कोणावर किती कर्ज आहे, कोणाचा फोन नंबर काय, हे कधीच टाकू नका. रांगोळीच्या नकाशात आपण एकट्या बाईच्या घरावर कुंकवाचं बोट लावलं ते आपल्या आपल्यात, आणि ते सकाळी पुसलं गेलं. तिथे पुसलं गेलं हेच बरं होतं. कोणाची खासगी विहीर असेल तर मालकिणीला विचारून तिची मोजणी आपल्याच वहीत ठेवा.

पहिली मोजणी

सुरुवात विहिरीच्या पाण्यापासून करू. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. आपणही तेच महिने धरायचे, म्हणजे आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येईल. सुताची दोरी घ्या, टोकाला दगड बांधा, दर मीटरला गाठ मारा आणि अर्ध्या मीटरला रंगीत चिंधी. नायलॉनची दोरी नको, ती ताणते. कठड्यावर एका जागी रंगाची खूण करा आणि दर वेळी तिथूनच दोरी सोडा. पंप चालू असेल तर मोजू नका, रात्रभर विहीर भरू द्या आणि सकाळी मोजा. विहिरीवर एकटीने वाकायचं नाही, दोघी जणी लागतात.

वहीत पाच रकाने: विहिरीचा नंबर, अक्षांश, रेखांश, तारीख, कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये. सहावा रकाना मी कोरा ठेवला आहे. त्यात त्या वस्तीतली बाई सांगेल ते लिहा. मागच्या वर्षी हिचं पाणी कधी आटलं होतं, आणि तेव्हा घागर घेऊन कुठे जावं लागलं होतं.